इनासच्या वतीनं

२००६ सालच्या झावळ्यांच्या रविवारी, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, वसईजवळच्या नंदाखालमध्ये फिलोमिना नावाच्या बाईंच्या ओट्यावर अकरा माणसं एका टेलिफोनभोवती उभी होती. अमेरिकेतल्या एका शहरात तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तिथं बाहेरून आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या माणसांसाठी मोर्चा निघणार होता. मोर्चाआधी ध्वनिक्षेपकावर काही नावं वाचली गेली. ती त्याच देशात असूनही मोर्चात येऊ न शकणाऱ्यांची होती. त्यातली अकरा नावं आमच्या गावची. नाव आलं की त्या माणसाच्या वतीनं ओट्यावरून 'हजर' म्हणायचं, असं ठरलं होतं. दहा नावांना ओट्यावरून उत्तर गेलं. सातव्या नावाचं उत्तर ओट्यावरून गेलं नाही. ते फोनमधून आलं.

उपवासकाळ सुरू झाला की हे आठवतं. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते आणि चाळीस दिवस गावाचा आवाज खाली येतो. लग्नं नाहीत, बँड नाही. शुक्रवारी देवळात क्रुसाच्या वाटेची प्रार्थना. शेवटच्या दोन आठवड्यांत देवळातल्या मूर्तींवर जांभळं कापड चढतं. कोणती मूर्ती कुठं आहे हे लहानपणापासून पाठ असतं, तरीही कापडाखाली ती वेगळी दिसते. खांदा कुठं, हात कुठं, एवढंच कळतं. बाहेर वाडीत वारा तापलेला असतो आणि केळीची सुकलेली पानं खोडावर घासत राहतात. तो आवाज एखाद्यानं कोरड्या हातानं कागद चाळावेत तसा येतो. आता त्या वाडीच्या अर्ध्या भागात इमारत उभी आहे, पण उरलेल्या अर्ध्यात केळी आहेत, आणि पानांचा आवाज तोच आहे.

फिलोमिना ही माझ्या आईची मावसबहीण. गाव तिला फिलू मावशी म्हणत असे. तिचा नवरा मनवेल पानवेली आणि केळी करायचा. मुलगी जेनी होळी गावात दिलेली. मुलगा इनास १९९७ साली जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला. दोन वर्षांनी एका अमेरिकी बंदरात तो सुट्टीच्या चार तासांसाठी उतरला आणि परत जहाजावर गेला नाही. पुढं तो एका खानावळीत स्वयंपाकी झाला. दर शनिवारी सकाळी तिकडची रात्रपाळी संपवून फोन करायचा. मावशी ओट्यावर खुर्ची घेऊन आधीच बसलेली असे. पाच मिनिटांच्या बोलण्यात जेवण, पाऊस, केळीचा भाव आणि देवळातली घोषणा एवढं यायचं. तो कुठं राहतो, हे ती कधी विचारत नसे. फक्त खानावळीचं नाव तिला माहीत होतं. कारण त्यानं एकदा तिथलं पदार्थांचं छापील पत्रक पाठवलं होतं आणि तिनं ते येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागं खोचून ठेवलं होतं.

कागद नसलेल्या माणसाला त्या देशात राहता येत होतं, पण बाहेर पडून पुन्हा आत जाता येत नव्हतं. बाहेर पडला की दार बंद. म्हणून इनास येत नव्हता. जेनीच्या लग्नाला आला नाही. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आला नाही. २००३ साली मनवेल काका वारले, तेव्हाही आला नाही.

या प्रत्येक वेळी त्याच्या जागी डॉमनिक उभा राहिला.

डॉमनिक शेजारचा. इनासच्याच वयाचा, त्याच वर्गातला. बाप्तिस्म्यात बाळाची जबाबदारी घेणारा धर्मपिता परदेशी असेल तर त्याच्या जागी बदली माणूस उभा करण्याची आमच्याकडं रीत आहे. चर्चला ती मान्य आहे. आखातात, जहाजावर, ऑस्ट्रेलियात गेलेल्यांच्या नावानं गावात कुणी ना कुणी उभं राहत आलं आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत धर्मपित्याचं नाव इनासचं लागलं आणि पुढं बदली म्हणून डॉमनिकचं. फादरांनी विचारलं, सैतानाचा त्याग करता का? डॉमनिकनं इनासच्या वतीनं सांगितलं, करतो. बाळाचं नाव सोनल. तिनं मेणबत्तीकडं बघून हात हलवले, हे मी पाहिलं आहे.

मनवेल काकांच्या अंत्यविधीला शवपेटीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला मुलानं खांदा द्यायचा असतो. तिथं डॉमनिक होता. अंगात इनासचा कोट. जहाजाच्या मुलाखतीसाठी इनासनं तो आगाशीच्या शिंप्याकडून शिवून घेतला होता. जेनीच्या लग्नात डॉमनिकला तो खांद्यात घट्ट झाला होता. अंत्यविधीला तो नीट बसला. लांबून आलेल्या एका नातेवाइकानं डॉमनिकचे हात धरून वडील गेल्याबद्दल सांत्वन केलं. डॉमनिकनं मान खाली घालून ते स्वीकारलं. नंतर तो मला म्हणाला की त्या वेळी खुलासा करायची ती जागा नव्हती.

गावात यावर थट्टा चाले. बावतीस नावाचे एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत. त्यांनी एकदा विचारलं, "काय रे डॉमनिक, इनासला तिकडं ताप आला तर गोली तू घेतोस का?"

"गोली घेईन," डॉमनिक म्हणाला, "इंजेक्शन असेल तर ज्याचं त्यानं घ्यावं."

सगळे हसले. फिलू मावशीही हसली. पण तिच्याकडून कधीकधी घाईत डॉमनिकला 'इना' अशी हाक जाई, आणि तो ओ देई. बोलण्याआधी घसा किंचित साफ करायची इनासची सवय होती. ती डॉमनिकला कधी लागली, कुणी सांगू शकलं नाही.

२००६ सालच्या मार्चमध्ये गावात एक बैठक झाली. विषय बाहेरून आलेल्या माणसांचा होता. घरांमागं खोल्या काढून लोक भाड्यानं देऊ लागले होते. कोण कुठून येतं, काय करतं, कागद आहेत का, याची माहिती नाही, अशी तक्रार होती. बोलणाऱ्यांत ज्यांची मुलं परदेशात होती असे बरेच होते. शेवटी एक छापील तक्ता वाटला गेला. रकाने असे होते: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, सध्याचा पत्ता, कामाचं ठिकाण. घरमालकांनी तो भरून द्यायचा. फिलू मावशीच्या मागच्या खोलीत रामसूरत नावाचा माणूस राहायचा. तो डॉमनिकची केळी हातगाडीवर घालून तुळिंजच्या बाजारात विकायचा. त्याचा तक्ता मीच भरला. तेव्हा मी एका मराठी दैनिकाला वसई भागाच्या बातम्या देत असे, आणि लिहायचं काम आळीत माझ्याकडंच येई. शंभरेक कोरे तक्ते माझ्या घरी उरले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी लीनाचा फोन आला. लीना ही फिलू मावशीची पुतणी, तिकडं परिचारिका. तिच्याकडं रीतसर कागद होते आणि ती तिथल्या चर्चमार्फत मोर्चाच्या तयारीत होती. तिनं सांगितलं ते असं: मोर्चाला खूप माणसं येतील, पण ज्यांच्यासाठी मोर्चा आहे त्यांतले पुष्कळ जण येणार नाहीत. कुणाला कामाची पाळी सोडता येत नाही, कुणाला पकडले जाण्याची भीती. अशांची नावं वाचायची आणि त्यांच्या घरच्यांनी फोनवरून उत्तर द्यायचं. ती मोबाइल ध्वनिक्षेपकाशी धरील, म्हणजे इकडचा आवाज तिकडच्या सगळ्यांना ऐकू जाईल. गावातून नावं गोळा करून ई-मेलनं पाठवा. फक्त पहिली नावं.

इनास जाणार नव्हता. त्यानं आईला तसं स्पष्ट सांगितलं होतं. मोर्चाच्या आसपाससुद्धा फिरकणार नाही, म्हणाला. मावशीनं त्याला तशी शपथ घातली होती. पण नाव द्यायला तिची ना नव्हती. उलट तीच घरोघर गेली. तिचं म्हणणं ती कादोडीत, आमच्या बोलीत, बोलली, इथं मराठीत देतो. "कागद झाले तर तो येईल, मला बघेल आणि परत जाईल. नाही झाले तर तो तिथलाही नाही आणि इथलाही नाही. मोर्चात मला जाता येत नाही, त्याला जाता येत नाही. निदान नाव तरी जाऊ दे."

नावं लिहून घ्यायला मी तेच कोरे तक्ते वापरले. आखलेले होते, हाताशी होते. पहिलं नाव लिहिल्यावर पुढचे रकाने मोकळे दिसत. बातमीदाराला मोकळा रकाना बघवत नाही. मी विचारत गेलो आणि लोक सांगत गेले. बहुतेकांना कामाचं ठिकाण माहीत नव्हतं, तिथं रेघ ओढली. फिलू मावशी म्हणाली की नंदाखालमध्ये चार इनास आहेत, नुसत्या नावानं कुणाला काय कळणार. तिनं तसबिरीमागचं पत्रक काढून दिलं. खानावळीचं नाव आणि रस्ता मी त्यावरून उतरवला. गुरुवारी विरारच्या एका सायबर कॅफेत बसून अकरा ओळी टाइप केल्या आणि पाठवल्या. लीनाचं 'फक्त पहिली नावं' हे माझ्या वहीत त्याच पानावर वर लिहिलेलं आहे. त्याखाली माझ्याच हातची रेघ आहे.

झावळ्यांच्या रविवारी सकाळी मिरवणूक झाली. प्रत्येकाच्या हातात माडाची कोवळी झावळी. मुलं त्यांचे क्रूस विणतात, मोठी माणसं त्या घरी नेऊन तसबिरीमागं खोचतात. संध्याकाळी सातला वीज गेली. त्या उन्हाळ्यात ती पाळीपाळीनं जातच होती. ओट्यावर एक कंदील आणि दोन मेणबत्त्या लावल्या. टेलिफोन स्टुलावर. त्याला आवाज मोठा करायचं बटण होतं आणि तो विजेशिवाय चालत असे. अकरा नावांना अकरा माणसं हवी होती. इनासच्या नावाला नेहमीप्रमाणं डॉमनिक होता. एका नावाला कुणीच नव्हतं. त्या घराला कुलूप होतं, आईवडील गेलेले, भाऊ दुसऱ्या देशात. रामसूरत हातगाडी लावून आला होता. डॉमनिकनं त्याला उभं राहतोस का विचारलं.

"बोल दूँगा," रामसूरत म्हणाला. मग त्यानं विचारलं, "किसका नाम है?"

नाव सांगितल्यावर त्यानं ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. बावतीस म्हणाले की याचा तक्ता भरला आहे, म्हणजे हा अधिकृत आहे. यावर कुणी हसलं नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात सगळ्यांच्या हातांत सकाळच्या झावळ्या तशाच होत्या. कुणी घेऊन यायला सांगितलं नव्हतं. डॉमनिकनं इनासचा कोट घातला होता. एप्रिलमध्ये. कपाळावर घाम होता आणि तो पुसत नव्हता.

साडेसातला फोन वाजला. लीनाचा आवाज आला आणि मग तिच्या मागून मोठ्या गर्दीचा. समुद्र दुरून येतो तसा, वाढत आणि ओसरत. एक बाई इंग्रजीत बोलू लागली. तिचे उच्चार परके होते, पण नावं कळत होती. ती एक नाव वाचे, थांबे. ओट्यावरून उत्तर जाई. एखाद-दोन सेकंदांनी तिकडून गर्दीचा हुंकार परत येई. एक, दोन, तीन. आयांचे आवाज, एका बापाचा, एका बहिणीचा. सहावं नाव रोजलीन नावाच्या बाईंच्या मुलीचं होतं. रोजलीनबाई 'हजर' म्हणाल्या आणि रडल्या.

मग सातवं. त्या बाईनं इनासचं नाव वाचलं. मनवेलचा मुलगा, असं वाचलं. गाव नंदाखाल, असं वाचलं. आणि न थांबता पुढची ओळ वाचली: खानावळीचं नाव, रस्त्याचं नाव. तिच्या पुढ्यात कागद होता, कागदावर जे होतं ते ती वाचत होती. फिलू मावशीनं माझ्याकडं पाहिलं. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण ते नाव तिला येत होतं.

नावं वाचणारी बाई थांबली. डॉमनिकनं श्वास घेतला, पुढं वाकला.

"हजर."

पुरुषाचा आवाज. मराठीत. आधी घसा किंचित साफ केल्याचा आवाज. तो गर्दीतून आला नाही. जवळून आला, तोंड फोनला लावून कुणी बोलावं तसा. डॉमनिकचं तोंड उघडं होतं, तो अजून वाकलेलाच होता. दोन सेकंदांनी गर्दीचा हुंकार परत आला. आठवं नाव वाचलं गेलं. त्याला उत्तर देणाऱ्या बाईंना भानावर यायला वेळ लागला, पण उत्तर गेलं. अकराव्या नावाला रामसूरत मोठ्यानं 'हाजिर' म्हणाला. मग लीना घाईनं काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला.

वाडीत पानं घासत होती. फिलू मावशीनं हळूच हाक मारली, "इना." ती फोनकडं बघत होती की डॉमनिककडं, हे मला सांगता येणार नाही. डॉमनिक म्हणाला, "मावशी, मी बोललो नाय."

पुढच्या तीन दिवसांत मी ओट्यावरच्या प्रत्येकाला वेगवेगळं भेटून विचारलं. कामाची सवय. आठ जणांनी सांगितलं की आवाज फोनमधून आला आणि तो इनासचा होता. रामसूरतनं सांगितलं की आवाज फोनमधून आला, कुणाचा ते त्याला माहीत नाही, त्यानं इनासला पाहिलेलंच नाही. बावतीस म्हणाले की तो डॉमनिकचाच होता, माणूस इतक्यांदा दुसऱ्याच्या वतीनं बोलला की आपण केव्हा बोललो ते त्याला कळत नाही. डॉमनिक आपल्या म्हणण्यावर ठाम होता. मी फोन दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारलं. परदेशी फोनवर बोललेलं परत ऐकू येतं, असं तो म्हणाला. पण आधी बोलावं लागतं, हेही म्हणाला. आमच्याकडून आधी गेलेला आवाज रोजलीनबाईंचा होता.

लीनाशी बोलणं बुधवारी झालं. मोबाइल पूर्ण वेळ तिच्या हातात होता. जवळपास मराठी बोलणारं कुणी नव्हतं. अकराही उत्तरं फोनमधून, आमच्या बाजूनं आली, असं तिनं सांगितलं. सातवंही. डॉमनिकचा आवाज तिनं ओळखला. तो तिचाही शेजारी होता.

त्याच फोनवर तिनं दुसरी गोष्ट सांगितली. मंगळवारी सकाळी सरकारी अधिकारी त्या खानावळीत गेले होते. कागद नसलेल्या तिघांना नेलं. तिघंही दुसऱ्या देशांतले, भांडी घासणारे आणि भाज्या चिरणारे. इनास त्यांत नव्हता. तो रविवारपासून कामावर आलाच नव्हता आणि राहत्या जागीही नव्हता. जे वाचलं गेलं त्यामुळं अधिकारी आले, की ते आधीच येणार होते, याला दुजोरा मिळाला नाही. पुढंही मिळाला नाही.

हे मावशीला मी सांगितलं. लपवण्याचा विचार मनात आला होता. ती पाटावर बसून वाल सोलत होती. सोलणं थांबलं नाही. इनास पकडला गेलेला नाही, हे तिनं मला दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "त्या तिघांच्या आयांना कुणी कळवलं का?"

मला माहीत नव्हतं. लीनालाही नव्हतं. त्यांची नावंही नव्हती.

ईस्टरआधीच्या आज्ञा गुरुवारी मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की देवळातली घंटा बंद होते. शनिवारी रात्री ईस्टरचा आनंद जाहीर होईपर्यंत ती वाजत नाही. घंटेऐवजी लाकडी खुळखुळा फिरवतात. त्याचा खडखडाट आळीआळीतून जातो. लहान मुलं त्याला घाबरत नाहीत, मोठी माणसं थोडी घाबरतात. त्या वर्षी शनिवारी सकाळी फिलू मावशी नेहमीप्रमाणं खुर्ची घेऊन ओट्यावर बसली. फोन वाजला नाही. खुळखुळा आळीतून आला आणि गेला. दुपारी तिनं खुर्ची आत नेली. पुढच्या शनिवारी पुन्हा बाहेर आणली. असे सहा शनिवार गेले. या दिवसांत डॉमनिक ओट्यावर आला नाही. मागच्या दारानं येऊन विहिरीचं पाणी भरून देई आणि जाई. तो मला म्हणाला की त्याला तिच्यासमोर बोलायची भीती वाटते. तोंड उघडलं आणि आवाज भलत्याचा निघाला तर काय, असं म्हणाला. हे म्हणण्याआधी त्यानं घसा साफ केला, आणि मग स्वतःच गप्प झाला.

आळीतला एक माणूस भाडेकरूंचे तक्ते न्यायला फिरत होता. मावशीनं रामसूरतचा भरलेला तक्ता त्याला दिला नाही. तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. ती म्हणाली, "त्याचं नाव मला ठाऊक आहे. तेवढं पुरे." तो कागद तिनं चुलीत घातला. माझ्याकडचे उरलेले कोरे तक्ते मी तिला आणून दिले. पाणी तापवायला ते चार दिवस पुरले.

सातव्या शनिवारी फोन आला. इनासचा. दुसऱ्या कुठल्या तरी शहरातून. मावशीनं शहराचं नाव सांगू दिलं नाही. मी तिथं होतो. तिनं बटण दाबून आवाज मोठा केला, मी ऐकावं म्हणून. जेवलास का, हे आधी विचारलं. मग विचारलं, "तू गेला होतास तिथं?"

पलीकडून खरखर आली. मग घसा साफ केल्याचा आवाज आला.

"गेलो होतो, आय. लांब, झाडाखाली. नाव ऐकून परत फिरनार होतो."

"मग हजर का म्हणालास?"

"मी कुठं म्हणालो? तोंड उघडलं होतं. तेवढ्यात डॉमनिक म्हणाला, भोंग्यातून. सगळ्यांनी ऐकलं. माझा पत्ता वाचला, आणि डॉमनिक हजर म्हणाला. मग मला वाटलं, झालं. माझं काम झालं. मी तिथून खानावळीत गेलोच नाय. बस पकडली."

इनास म्हणाला की डॉमनिकला सांग, त्यानं वेळेवर उत्तर दिलं. कार्डावरची मिनिटं संपली आणि फोन बंद झाला.

हे डॉमनिकला मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. पानवेलीला पाणी सोडायची वेळ झाली होती, तो उठून गेला.

माझ्या वहीत या प्रकरणाची चार पानं आहेत. पहिल्यावर ओट्यावरच्यांची सांगणी, दुसऱ्यावर लीनाची, तिसऱ्यावर इनासची. चौथं पान मी निष्कर्षासाठी ठेवलं होतं. बातमी कधी दिली नाही. दिली असती तर संपादकांनी पहिला प्रश्न विचारला असता, बोललं कोण. दरवर्षी देवळातल्या मूर्तींवर जांभळं कापड चढलं की मी ती वही काढतो आणि तिन्ही पानं पुन्हा वाचतो. प्रत्येकाचं म्हणणं आपल्या जागी बरोबर आहे.

मोर्चे तिकडं आणखी निघाले. कागद कुणाला मिळाले नाहीत. २००८ साली एप्रिलमध्ये इनास स्वतःहून परत आला, एकवेळच्या प्रवासपत्रावर, एक पिशवी घेऊन. पुन्हा जाता येणार नाही, हे त्याला माहीत होतं. टॅक्सी दुपारी आळीत शिरली. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. तो ओट्यावर उभा राहिला आणि "आय" म्हणाला. आतून मावशी म्हणाली, "डॉमनिक, बाहेर उभा काय, आत ये."

जेनी होळीहून आलेली होती, ती रडू लागली. मग मावशी बाहेर आली. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, नाक, कान. बारीक झालास, म्हणाली. त्याला जेवायला वाढलं. तो तिच्याजवळ खाली बसून जेवला. त्या दिवशी आळीतली निम्मी माणसं येऊन गेली. प्रत्येकानं विचारलं, कधी आलास, आणि मग विचारलं, परत कधी जाणार.

डॉमनिक भेटून गेला आणि मग आठवडाभर आला नाही. आता आपली गरज नाही, असं त्याला वाटलं. आठव्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर इनास बोंबील साफ करत बसला होता, मी समोर होतो. मावशी दारात आली. तिनं विचारलं, "आज आठ दिस झाले, इना कसा आला नाय?"

इनासनं हात धुतले, चपला घातल्या आणि डॉमनिकला बोलवायला गेला.

मे महिन्यात सोनलचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं, झालं. तिला आठ वर्षं झाली होती. मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर प्रत्येक मुलामागं धर्मपित्यानं उभं राहायचं असतं. शिकवणाऱ्या बाईंनी वहीतून इनासचं नाव वाचलं. तो पुढं झाला. सोनलनं तोवर डॉमनिकचा हात धरून त्याला आपल्या मागं उभं केलं होतं. इनास तिथंच थांबला. मग त्यानं जेनीच्या नवऱ्याच्या हातातला कॅमेरा घेतला.

त्या दिवसाचा एकच फोटो घरात आहे. मावशी खुर्चीवर बसली आहे. जेनी आणि तिचा नवरा डावीकडं. सोनलच्या डोक्यावर पांढरं जाळीचं कापड, हातात मेणबत्ती. तिच्या दोन्ही खांद्यांवर डॉमनिकचे हात आहेत. फोटो इनासनं काढला.